लँग्वेज लॅबमधला कापूस

आमच्या अध्यक्षांच्या इंग्रजीत सगळं कायम चालूच असायचं. 'आय ॲम नोइंग कलेक्टर साहेब.' 'आय ॲम हॅविंग टू सन्स.' 'आय ॲम बिलाँगिंग टू फार्मर फॅमिली.' क्रियापदाला मागून शेपूट लावलं की इंग्रजी झालं, असा त्या माणसाचा पक्का समज होता. एवढ्या समजावर त्यांनी अख्खी इंग्रजी शाळा काढली होती, आणि त्या शाळेत मी चौथीला इंग्रजी शिकवत होते. म्हणजे हसावं तर माझ्यावरही हसायला पाहिजे.

शाळा महागावच्या अलीकडे, हायवेला लागून. आमच्या यवतमाळकडे इंग्रजी शाळेला सरसकट कॉन्व्हेंट म्हणतात. ना तिथे नन, ना चर्च. टाय बांधला की झालं कॉन्व्हेंट. मे महिन्यातल्या उन्हात ॲडमिशनला येणाऱ्या पोराच्या गळ्यातही टाय असतो आणि बापाच्या गळ्यात दुपट्टा. गेटवरच्या फलकावर तीन लॅब लिहिल्या होत्या. कॉम्प्युटर लॅबमध्ये एक कॉम्प्युटर होता आणि तो धूळ लागू नये म्हणून झाकलेला असायचा. सायन्स लॅबमध्ये सांगाडा होता, त्याला एक हात नव्हता. लँग्वेज लॅब म्हणजे आमचा चौथीचा वर्ग. त्यात हेडफोन येणार होते. 'हेडफोन इज कमिंग,' असं अध्यक्ष प्रत्येक पालकसभेत सांगायचे, आणि लोक माना डोलवायचे. येऊन राह्यले म्हटल्यावर कोण काय बोलणार.

हेडफोन आले नाहीत. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा लॅबमध्ये कापूस आला होता.

दार ढकललं तर ते पुरतं उघडेचना. फटीतून पाहिलं, खिडकीच्या वरपर्यंत ढीग. फळा अर्धा त्यात गाडला गेलेला. मला त्याचं नवल वाटलं नाही असं नाही, पण तुम्ही समजता तेवढंही वाटलं नाही. आमच्याकडे कापूस घरात भरायची रीतच आहे. कापसाची वेचणी सुरू झाली की घरातली एक खोली रिकामी करायची, पलंग बाहेर, कपाट बाहेर, आणि माल आत. भाव चढेल तेव्हा विकू म्हणून माणसं ओसरीत झोपतात आणि कापूस खोलीत. आमच्या घरी ती खोली माझी. मी पोरगी, म्हणून माझी. भावाची खोली कधी कापसाला गेल्याचं मला आठवत नाही.

पण शाळेत? प्रिन्सिपल मॅडमना विचारायला गेले. प्रिन्सिपल मॅडम म्हणजे अध्यक्षांच्या सौभाग्यवती. त्यांची पात्रता तीच. म्हणाल्या, 'टेम्पररी आहे मॅडम. ॲडजस्ट करा.' झालं. चौथीचा वर्ग व्हरांड्यात आला आणि तिथेच राहिला. समोरून ट्रक जायचे, सोयाबीनच्या कुटाराचे, म्हणजे भुशाचे, ट्रॅक्टर जायचे, आणि पाठीमागच्या खिडकीतून कापसातले बारीक किडे येऊन पोरांच्या माना चावायचे. टाय सैल करून माना खाजवत ती पोरं 'ही गोज, शी गोज' घोकायची. पालक फीला कधी उशीर करत नव्हते आणि वर्गात कधी डोकावत नव्हते.

आता मी तिथे कशाला पडून होते, ते सांगते. मी बी. ए., बी. एड. होते, आणि त्या शाळेत नुसत्या शब्दावर काम करत होते. हातात ऑर्डर नव्हती. ऑर्डर म्हणजे नेमणुकीचा कागद. तो मिळाला की नोकरी, नाही तर तुम्ही येऊन-जाऊन पाहुण्या. आणि इकडे घरी बाबांनी वणीचं एक स्थळ धरून ठेवलं होतं.

मुलाचं वणीला ट्रकच्या पार्टचं दुकान. कोळशाच्या गाड्या चालतात तोवर दुकानाला मरण नाही, असं बाबांना कोणीतरी सांगितलेलं. पाहायला आले तेव्हा मुलगा पोहे संपेपर्यंत मोबाइलमध्ये. मग एकदम मान वर करून म्हणाला, 'इंग्लिश येते म्हणे तुम्हाला. बोलून दाखवा.' मी बोलून दाखवलं. काय बोलले ते मलाही आता आठवत नाही, पण सरळ, नीट दोन वाक्यं बोलले. त्याने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, 'बोलते नं फाडफाड. दुकानात बसाले कामी पडन.' बैल घेताना दात बघतात, तसं माझं इंग्रजी बघून झालं. त्यानंतर रोज त्याचा मेसेज यायचा, 'व्हॉट आर यू डुइंग?' सकाळी तेच, संध्याकाळी तेच. एकदा मी 'टीचिंग' असं लिहिलं. त्यावर 'ओके' आलं, आणि जेवणाच्या वेळेला पुन्हा 'व्हॉट आर यू डुइंग?' त्या माणसाला उत्तर नको असायचं. उंबऱ्याबाहेर उभं राहून कडी वाजवायची आणि कोणी आलं की निघून जायचं, त्यातला प्रकार.

ते लोक पाहून गेले त्याच संध्याकाळी मी बाबांना नाही म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी म्हटलं. शेतात डबा घेऊन गेले तेव्हा म्हटलं, आईकडून म्हणवलं, जेवताना म्हटलं. बाबांचं एकच, 'पाहू नं.' बाबा वाईट माणूस नाही. पण आमच्याकडे पोरीच्या 'नाही'ला कोणी हिशेबात धरत नाही. विहिरीवरची मोटर जशी घरघरते, तसं घरात काहीतरी वाजत असतं, एवढंच. शेवटी मीच रडारड केली, तेव्हा म्हणाले, 'हे पाह्य बाई. जानेवारीत तुह्या शाळेची गॅदरिंग हाये. तुह्या अध्यक्षानं तवापर्यंत ऑर्डर देली तं कर नोकरी. नाही देली तं मी वणीवाल्याले हो म्हणून टाकतो. मंग कुरकूर नाही पाह्यजे.'

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते. आणि अध्यक्षांना जाऊन भेटले. ते म्हणाले, 'आय ॲम गिव्हिंग ऑर्डर, मॅडम. ऑन द स्टेज. ओन्ली डेमो चांगला पाहिजे.'

डेमो म्हणजे काय, तर गॅदरिंगच्या दिवशी यवतमाळहून येणाऱ्या पाहुण्यांसमोर चौथीच्या पोरांनी साधा वर्तमानकाळ आणि चालू वर्तमानकाळ इंग्रजीत बोलून दाखवायचा. हे त्या नवराबायकोच्या डोक्यात कुठून आलं देव जाणे. मॅडमनी यवतमाळहून एक तक्ता आणला होता. त्यावर एक गोरा मुलगा आंबा खात होता. 'आय ईट अ मँगो. आय ॲम ईटिंग अ मँगो.' खाली तोच मुलगा, तोच आंबा, 'ही ईट्स अ मँगो.' पोरं वर्षभर आंबा खात होती. एका पोराने मला विचारलं, 'मॅडम, याचा आंबा संपत काहून नाही?' त्या तक्त्यात सगळं होतं, फक्त बोलण्यासारखं काही नव्हतं.

आणि मराठी अर्थ सांगायचा तर पुस्तकात काय, 'मी खात आहे.' आता यवतमाळ जिल्ह्यात जन्माला आलेलं कोणतं पोरगं घरी 'मी खात आहे' म्हणतं? म्हणालं तर आई कपाळाला हात लावून पाहील, ताप आला काय म्हणून. माझ्या वर्गात निम्मी पोरं कास्तकारांची वऱ्हाडी बोलणारी, निम्मी बंजारा तांड्यावरची. तांड्यावरची घरी गोर बोलीत बोलायची, बाजारात वऱ्हाडीत, आणि शाळेत मुकी बसायची. मी तक्ता भिंतीकडे वळवून ठेवला. म्हटलं, 'रोज करता ते एक. आत्ता करून राह्यले ते दुसरं. रस्त्याकडे पाहा. काय चालून राह्यलं ते सांगा.' ट्रक जाऊन राह्यला, द ट्रक इज गोइंग. ट्रक रोज जातो, द ट्रक गोज एव्हरी डे. मॅडम ओरडून राह्यल्या, मॅडम इज शाउटिंग. हे वाक्य पोरांना सगळ्यात आधी पाठ झालं. आठवडाभरात ती पोरं रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा इंग्रजीत हाकलायला लागली.

प्रिन्सिपल मॅडमनी ऐकलं आणि मला बोलावून घेतलं. 'हे करून राह्यले, जाऊन राह्यले, असं गावठी वर्गात चालणार नाही. आपली लेव्हल आहे.' तेवढ्यात त्यांच्या माहेरचा फोन आला आणि बाई म्हणाल्या, 'काय करून राह्यली वं माय? जेवली का?' फोन ठेवून पुन्हा माझ्याकडे वळून, 'तर लेव्हल, मॅडम.' नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. मी हो मॅडम म्हणून बाहेर आले, आणि व्हरांड्यात जे चाललं होतं तेच चालू ठेवलं. फक्त गॅदरिंगसाठी आंब्याची वाक्यंही घोटून घेतली. ऑर्डर हवी होती मला. तत्त्वं नंतर.

त्याच सुमारास एक गोष्ट कळली. लॅबच्या भिंतीला ओल दिसायला लागली होती आणि आतून कोंदट वास यायचा. खिडकीतून हात घालून मूठभर कापूस ओढला, तर पिवळा पडलेला, गाठी झालेला. मी कापसाच्याच घरातली, मला काय सांगायला पाहिजे. वेचणीच्या वेळेस अवकाळी पाण्यात भिजलेला माल होता. शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, 'मॅडम, जिनिंग मिलवाल्यानं गेटवरूनच वापस केली नं गाडी. साहेबानं कोणाले सांगू नका म्हटलं. गावातून नेली तं लोकं पाहतीन, म्हणून इकडंच खाली केली.' म्हणजे अध्यक्षांचा मान राहावा म्हणून पोरांच्या वर्गात सडका कापूस. मला किळस आली. त्या कापसाची नाही.

गॅदरिंगचा दिवस उजाडला. शाळेच्या मैदानात मंडप, खुर्च्यांना पांढरी फडकी, पुढच्या रांगेत सोफे. सोफ्यावर कोण बसेल यावरून सकाळीच दोघांचं वाजलं होतं. बाबा आले होते, धुतलेला पांढरा शर्ट घालून, मधल्या रांगेत. त्यांना इंग्रजीचं ओ की ठो कळत नाही. ते ऑर्डर पाहायला आले होते. अध्यक्षांनी कोट घातला होता, आणि कोटाच्या वरच्या खिशातून लांब पाकीट डोकावत होतं. माझी नजर त्या पाकिटावरून हलत नव्हती.

पाहुणे म्हणजे रिटायर झालेले एक मोठे साहेब. अशा लोकांना पेन्शन मिळते पण माइक मिळत नाही, म्हणून मिळाला की सोडवत नाही. त्यांनी शिक्षणावर बोलून घेतलं, शेतीवर बोलून घेतलं, स्वतःच्या अमेरिकेतल्या मुलावर बरंच बोलून घेतलं. मग आमची पोरं ओळीने उभी राहिली. आय ईट अ मँगो. आय ॲम ईटिंग अ मँगो. एकामागून एक सगळ्यांनी आंबा खाल्ला. पालक टाळ्या वाजवत होते. आपलं पोरगं काय म्हणून राह्यलं हे कोणालाच कळत नव्हतं, आणि जितकं कळत नव्हतं तितक्या टाळ्या जोरात.

इथे संपलं असतं तर पाकीट माझ्या हातात पडलं असतं. पण पाहुण्यांना स्वतःचं इंग्रजी दाखवायची खाज. त्यांनी टोकाच्या मुलीसमोर माइक धरला. ती तांड्यावरची, माझ्या वर्गातली सगळ्यात चुणचुणीत. दोन वेण्या, टाय गुडघ्यापर्यंत आलेला.

'व्हॉट आर यू डुइंग नाउ?' पाहुण्यांनी विचारलं.

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मी शिकवलं होतं तसं समोर पाहिलं. 'आय ॲम स्टँडिंग, सर. यू आर आस्किंग. माय फादर इज लुकिंग.'

पाहुणे खूश. 'व्हेरी गुड. अँड व्हेअर डू यू लर्न सच नाइस इंग्लिश? इन द लँग्वेज लॅब?'

तिला खोटं बोल म्हणून मी कधी शिकवलंच नव्हतं, आणि तक्त्यावरही त्याचं वाक्य नव्हतं. ती म्हणाली, 'नो, सर. वी सिट इन द व्हरांडा. एव्हरी डे वी सिट इन द व्हरांडा. कॉटन इज सिटिंग इन अवर लॅब. अध्यक्ष सर्स कॉटन.'

माइक चांगला होता. वाक्य मंडपाच्या शेवटच्या खांबापर्यंत गेलं.

आता बघा, इंग्रजीचे हजार शब्द शिकवले तरी विसरतात, पण कॉटन हा शब्द यवतमाळ जिल्ह्यात कोणाला शिकवावा लागत नाही. टाळ्या एकदम थांबल्या. खुर्च्या वाजल्या. माणसं शेजाऱ्याला विचारायला लागली, काय म्हणे, काय म्हणे. कोणीतरी उठून लॅबच्या खिडकीशी गेलं, आज त्यावर टाकलेलं फडकं बाजूला केलं, आणि तिथूनच म्हणालं, 'भरेल हाये बापा. पुरी खोली भरेल हाये.' अध्यक्षांचा चेहरा उतरला. मॅडमनी पदर सावरला. मी मनात म्हटलं, माझी ऑर्डर तर गेलीच, पण आज या अध्यक्षाची तरी सालटी निघतील. या लोकांनी फी भरली आहे. यांची पोरं व्हरांड्यात खाजवत बसली आहेत. आता विचारतील.

विचारलं. आर्णीकडचे एक मोठे कास्तकार, ज्यांची दोन नातवंडं माझ्याच वर्गात होती, ते उभे राहिले. ते म्हणाले, 'साहेब, तुमी अजून विकला नाही? म्हणजे भाव वाढन म्हणता?'

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण लगेच दुसरा उठला. 'किती दिवस थांबवता साहेब?' तिसरा, 'तुमाले वरून खबर असन. आमालेबी सांगा.' वर्गाचा कोणी विषय काढला नाही. पोरांच्या मानांचा कोणी विषय काढला नाही. एवढा मोठा माणूस, आमदाराबरोबर उठबस असलेला, कापूस दाबून बसला आहे, म्हणजे आतली खबर असणारच. एवढंच त्यांना त्या वाक्यातून समजलं. बाजूला ती पोरगी माइकसमोर तशीच उभी होती, तिचं कौतुक करायचंही कोणाच्या लक्षात आलं नाही.

अध्यक्षांचा चेहरा हळूहळू परत आला. आधी डोळे, मग मिशी, मग छाती. माल जिनिंगच्या गेटवरून परत आला, असं म्हणायची हिंमत असती तर तो माणूस अध्यक्ष झाला नसता. त्यांनी पाहुण्यांच्या हातातून माइक घेतला, कोट खाली ओढला आणि म्हणाले, 'आय ॲम वेटिंग.'

त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं बिनचूक इंग्रजी वाक्य, आणि तेही निव्वळ खोटं. वाक्य मंडपात सगळ्यांना कळलं, खोटेपणा कोणालाच नाही. टाळ्या पडल्या.

कार्यक्रम तिथेच फुटला. अर्धं मैदान अध्यक्षांभोवती, पाहुणे एकटे नारळ-शाल घेऊन गाडीकडे. पाकीट खिशातच राहिलं. मी जवळ जाऊन उभी राहिले, तर मॅडम म्हणाल्या, 'तुम्हाला सांगितलं होतं लेव्हल सांभाळा म्हणून. आता पुढच्या सेशनला पाहू.' त्या मुलीला मी पाठीवर थोपटलं. तिने विचारलं, 'मॅडम, चुकलं का?' मी म्हटलं, 'नाही. एकदम बरोबर बोलली तू.' तेवढं एक काम त्या दिवशी मी नीट केलं.

बाबांच्या मोटरसायकलवर मागे बसून घरी निघाले. ऑर्डर मिळाली नव्हती, म्हणजे ठरल्याप्रमाणे वणीला होकार जाणार होता. आता बाबा बोलतील, मग बोलतील. बरंच अंतर गेल्यावर त्यांनी मान वळवली. 'तुह्या अध्यक्षानं कापूस थांबवून ठेवला म्हणते. मले वाटलंच होतं भाव वाढन. आपणबी थांबू.'



'लग्नाचं म्हणशीन तं कापूस विकल्याशिवाय काही होत नाही,' बाबा म्हणाले. 'वणीवाल्याले सांगतो थांबा म्हणून.'

मला खरी गोष्ट माहीत होती. एक शब्द बोलले असते तर बाबांनी दुसऱ्याच दिवशी माल काढला असता, आणि त्याच्या पैशात माझं लग्न झालं असतं. मी तोंड मिटून घेतलं. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होतं, आणि खरं सांगते, मला हसू येत होतं. माझ्या 'नाही'ने जे झालं नाही ते एका सडक्या ढिगाने केलं. सुटका झाली म्हणून आनंद व्हायला पाहिजे होता. पण जसजसं घर जवळ आलं तसतसा राग येत गेला. बाबांचा, त्या मंडपाचा, माझा.

मग महिने गेले. भाव वाढला नाही, उलट उतरत गेला. तरी गावोगाव लोक थांबूनच होते, कारण अध्यक्ष थांबून होते. भेटला की माणूस हेच विचारायचा, 'साहेबानं काढला का?' नाही म्हटलं की समाधानाने बिडी पेटवायचा. अध्यक्ष काढणार कुठून, तो माल कोणी फुकट नेला नसता. उंदरांनी त्यात घरं केली होती. मी शाळेत व्हरांड्यात बसायची आणि घरी ओसरीत बसायची. दोन्हीकडे माझी जागा कापसाला दिलेली. अंगाला खाज दोन्हीकडे सारखीच. वणीहून मेसेज यायचा, 'व्हॉट आर यू डुइंग?' आणि त्याच्या आईचा बाबांना फोन, होळी झाली की तारीख काढा. बाबा म्हणायचे, 'कापूस निघाला की काढतोच.'

म्हणजे सुटका कसली, नुसतं लांबलं होतं. ज्या दिवशी कापूस निघेल त्या दिवशी मीही निघणार. आणि रोज बाबा खोलीत जाऊन मूठभर कापूस दाबून पाहायचे, नाकाला लावायचे, हलका होऊन राह्यला म्हणून उदास होऊन बाहेर यायचे. ज्या मालासाठी माणूस उन्हात करपला तो डोळ्यांसमोर वजनाला घटतो आहे, आणि पोरगी कारण माहीत असून गप्प बसली आहे. अध्यक्षांना नावं ठेवणं सोपं होतं. मला ते गप्प बसणं सोसेना.

मी खूप विचार केला की या माणसाला सांगू कसं. इतक्यांदा नाही म्हटलं, ते कानावरून गेलं. आणि ती तांड्यावरची पोरगी एकदा बोलली तर अख्खं मैदान उठून उभं राहिलं. कारण तिच्या वाक्यात कापूस होता. आमच्या माणसांना ऐकवायचं असेल तर वाक्यात कापूस घालावा लागतो. वर्षभर शिकवून हे मीच शिकले.

एका सकाळी बाबा खोलीत ढिगाशी उभे होते. मी दारात उभी राहिले आणि म्हटलं, 'बाबा, कापूस आजच विका.'

ते लगेच वळले. पाहा, लगेच.

'अध्यक्ष भावासाठी थांबला नाही. त्याचा माल भिजलेला होता, जिनिंगनं परत पाठवला. मी या हातानं पाहिला. मले आधीपासून माहीत होतं.' बाबांचा हात ढिगातच राहिला. मी थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं, म्हणून एका दमात सांगून टाकलं. 'अन् हा माह्या लग्नासाठी ठेवला असन तं पैसे दुसऱ्या कामाले लावा. वणीचं लग्न मी करत नाही.'

बोलून झाल्यावर मी वाट पाहत राहिले. आता विचारतील, ओला म्हणजे किती ओला, कोणतं जिनिंग, तुले आधी माहीत होतं तं सांगतलं काहून नाही, आपलं किती नुकसान झालं. मंडपातल्या प्रत्येकाने तेच विचारलं असतं. हे सगळं विचारायचा त्यांना हक्क होता, आणि मी उत्तरं तयार ठेवली होती.

बाबांनी हातातला कापूस ढिगावर ठेवला. हात झटकला. खाली बसले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, 'लग्न काहून नाही करत?'

आजपर्यंत मला कोणी हे विचारलं नव्हतं, म्हणून त्याचं उत्तर काही माझ्याकडे तयार नव्हतं. मी त्यांच्याजवळ कापसावर बसले आणि जमेल तसं सांगायला लागले.